तक्ता सोडवण्याआधी तो मांडायला शिकवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या वृत्तपत्रात पुढच्या वाटांविषयी लेख येतात. मी ते नेमाने वाचतो. त्यांत बी.एस्सी. गणिताला चार ओळी मिळतात आणि तिसऱ्या वर्षाच्या ज्या पेपरविषयी मला लिहायचं आहे त्याचं नावही येत नाही. तो पेपर म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजेच ऑप्टिमायझेशनची पहिली ओळख. हातात आहे तेवढ्यात सगळ्यात चांगलं काय करता येईल, हे गणितानं शोधायचं शास्त्र. गेल्या जून ते ऑक्टोबर मी हा पेपर पूर्ण सत्र वर्गात बसून शिकलो. माझं वय 61 आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक होतो, 3 वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नोकरीची शेवटची 14 वर्षं चालक-वाहकांच्या ड्युट्या लावण्यात गेली. कुठली जोडी कुठल्या गाडीवर, कोण कधी परत येणार, कोणाची रात्री परगावी वस्ती, कोणाची साप्ताहिक सुट्टी, सगळं लांब वहीत पेन्सिलीनं मांडायचो. पेन्सिलीनं, कारण सकाळी सहाच्या आत दोन-तीनदा खोडावं लागायचं. माझं स्वतःचं शिक्षण एस.वाय.ला सुटलं होतं. घरी वडील आजारी पडले आणि नोकरी लागली, तिथे तो विषय संपला.

माझ्या हाताखाली काम केलेल्या एका वाहकाचा मुलगा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "काका, तुम्ही जे 14 वर्षं करत होतात त्याचा आमच्याकडे अख्खा धडा आहे. असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणतात त्याला. येऊन बसा." प्राचार्यांनी परवानगी दिली. हजेरीपटावर नाव नाही, परीक्षा नाही, शेवटचा बाक आणि एक नवी दोनशे पानी वही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसात.

पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सरांनी फळ्यावर दोन अक्ष काढले आणि चार रेघा मारल्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक अट. लाकूड इतकंच, मजुरांचे तास इतकेच, असं. चारही अटी पाळणारी जागा खडूनं भरली, तिचा पाच कोपऱ्यांचा आकार झाला. मग नफ्याच्या रेघेच्या तिरकेपणानं त्यांनी लाकडी फूटपट्टी फळ्याला टेकवली आणि ती जराही न फिरवता हळूहळू वर सरकवत नेली. वर्ग गप्प झाला. पट्टी त्या पांढऱ्या आकारावरून सरकत गेली आणि सुटायच्या आधी शेवटची टेकली ती एका कोपऱ्याला. सर म्हणाले, "आतमध्ये असंख्य बिंदू आहेत, पण उत्तर हवं असेल तर कोपरे बघा." मी घरी येऊन ताटाखालच्या वर्तमानपत्रावर हेच दोनदा करून पाहिलं. कधी पट्टी अख्ख्या कडेला एकदम टेकते, तेव्हा ती पूर्ण कडच उत्तर असते. पण तिथेही कडेच्या दोन टोकांना कोपरे असतातच.

चलांची, म्हणजे ज्यांची किंमत शोधायची त्या राशींची, संख्या दोनाऐवजी दोनशे झाली की कागदावर आकृती काढता येत नाही. तेव्हा एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त चांगल्या कोपऱ्यावर जात राहायचं आणि आणखी चांगला शेजारी उरला नाही की थांबायचं, ही सिम्प्लेक्स पद्धत. जॉर्ज डँट्झिग यांनी ती 1947 मध्ये अमेरिकी हवाई दलाचं काम करताना काढली. लिनिअर प्रोग्रॅमिंग या नावामुळे मला वाटलं होतं की संगणकाचं काहीतरी असेल आणि मी मागे पडेन. सरांनी उलगडून सांगितलं की तिथे 'प्रोग्रॅम' म्हणजे सैन्याचं नियोजन: माणसं कधी कुठे पाठवायची, प्रशिक्षण कधी, सामान कधी. म्हणजे ड्युटी चार्टच! तिकडे रशियात लिओनिद कांतोरोविच यांनी तर 1939 मध्येच प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न घेऊन हेच गणित मांडलं होतं. 8 यंत्रं, 5 प्रकारचं लाकूड, कुठल्या यंत्राला कुठलं लाकूड किती वेळ द्यायचं. त्यांना 1975 मध्ये त्याजवळच्याच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एका कारखान्याच्या अडचणीतून एवढं मोठं शास्त्र उभं राहिलं, हे ऐकून मला खरोखर आनंद झाला.

आता माझ्या पत्राचा मुद्दा.

सत्र जसं पुढे गेलं तसं माझ्या लक्षात आलं की मुलांचा जवळजवळ सगळा वेळ तयार तक्ते सोडवण्यात जातो. पुस्तकात तक्ता छापलेला असतो: 4 माणसं, 4 कामं, 16 आकडे. हंगेरियन पद्धत लावा, म्हणजे एकूण बेरीज सगळ्यात कमी येईल असं प्रत्येकाला एकेक काम द्या. ही पद्धत हॅरल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडली आणि ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या कोनिग आणि एगेर्वारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या मानासाठी तिला हे नाव दिलं. सुंदर पद्धत आहे. प्रत्येक आडव्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा, उभ्या ओळींचंही तेच, मग सगळी शून्यं झाकायला कमीत कमी किती रेघा लागतात ते पाहायचं. 10 गाड्यांवर 10 जोड्या लावायचे 36,28,800 प्रकार होतात, 20 झाल्या की ती संख्या 19 आकडी होते. आणि हे सगळे प्रकार न तपासता पेन्सिलीनं उत्तर मिळतं. पद्धतीविषयी माझी तक्रार नाही.

पण एक दिवस शेजारच्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, "ह्या चौकटीत 7 आहे, तो कशाचा?" ती म्हणाली, "दिलंय ना काका." मुलगी वर्गातली सगळ्यात हुशार. चूक तिची नाही. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी मागून घेतल्या आणि रात्री बसून वाचल्या. जवळपास प्रत्येक मोठा प्रश्न 'खालील तक्ता सोडवा' असा. तक्ता कोणी केला, आकडे कुठून आले, आणखी कुठला आकडा घ्यायला हवा होता, हे मुलांना कोणी विचारतच नाही. जे विचारलं जात नाही ते शिकवलंही जात नाही. सरांचाही नाइलाज आहे. पोर्शन संपवायचा असतो.

तक्ता मांडणं म्हणजे काय, हे मला माझ्याच वहीनं शिकवलं. ते जरा तपशिलात सांगतो.

ऑगस्टमध्ये सरांनी मला एक जुनी ड्युटी वर्गात मांडायला सांगितलं. आमच्या आगारातून एका शहराला 4 तास लागायचे. बाकीच्या फेऱ्या बाजूला ठेवतो, फक्त चार गाड्या घेतो. आमच्याकडून सकाळी 6 ला आणि संध्याकाळी 5 ला. तिकडून सकाळी 11 ला आणि दुपारी दीडला. मी वर्षानुवर्षं लावली ती ड्युटी अशी: 6 ची जोडी 10 ला पोचायची, तासाभरात चहापाणी, 11 ची गाडी घेऊन दुपारी 3 ला घरी. या ड्युटीसाठी लोक रांग लावायचे. पण मग 5 ची जोडी रात्री 9 ला पोचायची आणि तिच्या वाट्याला दुसऱ्या दिवशीची दीडची गाडी राहायची. साडेसोळा तास परगावी. शिवाय ती जोडी साडेपाचला परत येईपर्यंत त्या दिवशीची 5 ची गाडी निघून गेलेली असायची, म्हणजे त्या एका ड्युटीला दोन जोड्या अडकायच्या.

तक्रार आली की मी अदलाबदल करायचो. 6 ची जोडी दीडपर्यंत थांबवायची, म्हणजे साडेतीन तास, आणि 5 च्या जोडीला सकाळी 11 ची गाडी द्यायची, म्हणजे 14 तास. एक आणि साडेसोळा, साडेसतरा. साडेतीन आणि चौदा, साडेसतरा. 14 वर्षांत मी ही बेरीज एकदाही केली नव्हती. वर्गात फळ्यावर ती दोनदा सारखीच आली तेव्हा मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. एकाची वाट पाहण्याची वेळ काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकणं, एवढंच मी करत आलो होतो.

सरांनी विचारलं, "आता काय करायचं?" मुलं तक्ता सोडवायला लागली. तीच शेजारची मुलगी म्हणाली, "काका, सगळी माणसं तुमच्याच गावची का धरलीत?"

तिचं म्हणणं असं: 11 ची गाडी तिकडच्या आगाराच्या जोडीनं आणायची. ती जोडी 3 ला आमच्याकडे पोचेल, दोन तास थांबेल, 5 ची गाडी घेऊन रात्री 9 ला आपल्या घरी. आमची 6 ची जोडी दीडला निघून साडेपाचला घरी. साडेतीन आणि दोन, साडेपाच तास. रोजचे 12 तास वाचले आणि रात्री परगावी कोणालाच राहावं लागलं नाही. मी लगेच कायदा तपासला, ती सवय जात नाही. आमच्या वेळी 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता: सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास काम, सलग 5 तासांच्या आत अर्धा तास विश्रांती आणि कामाचा पसारा, म्हणजे कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा वेळ, 12 तासांपलीकडे नाही. दोन्ही जोड्यांचं काम 8 तास. आमच्या जोडीचा पसारा साडेअकरा तास, हजेरीचा अर्धा तास धरून बरोबर 12. बसलं.

यात तक्ता सोडवणं जवळपास नव्हतंच. इकडून दोन गाड्या, तिकडून दोन, जुळवायचे पर्याय दोन, तोंडी हिशेब. सगळं काही ठरलं ते तक्त्यात कुठले आकडे लिहायचे इथे. प्रत्येक चौकटीत दोन आकडे काढायचे, जोडी इकडची धरून एक आणि तिकडची धरून एक, आणि त्यातला लहान लिहायचा. नंतर सरांनी दाखवलं की ही युक्ती पुस्तकातही आहे, धड्याच्या शेवटी, एका सोडवलेल्या उदाहरणात. परीक्षेला ते येत नाही म्हणून तिथपर्यंत कोणी जात नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे एक चालक होते, आता हयात नाहीत. 5 च्या गाडीवर पाच-सहा वर्षं होते. गाडीच्या मागच्या लांब सीटवर चादर अंथरून झोपायचे, सकाळी तिकडच्या नळावर सदरा धुऊन खिडकीच्या दांडीला वाळत घालायचे आणि दुपारच्या गाडीपर्यंत नुसते बसून राहायचे. मला भेटले की म्हणायचे, "साहेब, वेळ जात नाही हो." ती ड्युटी मी लावली होती. पलीकडच्या आगाराला एक फोन करून विचारायला हवं होतं, ते सुचलं नाही, कारण माझी वही माझ्या आगाराच्या हद्दीत संपत होती.

तक्त्यात जे लिहिलं नाही ते गणिताला दिसत नाही. याचं एक जुनं उदाहरण सरांनी सांगितलं. जॉर्ज स्टिग्लर या अर्थतज्ज्ञांनी 1945 मध्ये प्रश्न घातला: 77 खाद्यपदार्थांतून एका माणसाला वर्षभर लागणारी 9 पोषकं कमीत कमी पैशांत कशी मिळतील? त्यांनी अंदाजानं आणि हुशारीनं 1939 च्या भावांत 39.93 डॉलरचं उत्तर काढलं. 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धतीनं तेच गणित पुन्हा केलं गेलं. 9 कारकून, हातानं फिरवायची गणकयंत्रं, माणशी धरून 120 दिवसांचं काम. उत्तर आलं 39.69 डॉलर. फरक 24 सेंटचा.

मला या गोष्टीत दोन गोष्टी दिसल्या. एक, जाणत्या माणसाचा अंदाज किती जवळ जाऊ शकतो. आगारातल्या जुन्या माणसांविषयी माझा आदर त्यानं वाढला. पण अंदाज जवळचा आहे की लांबचा, हे अंदाज करणाऱ्याला कळत नाही. माझा बारा तासांनी लांब होता. दुसरी गोष्ट, स्टिग्लर यांच्या यादीत होतं काय, तर गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. वर्षभर एवढंच. चव ही अट कोणी लिहिलीच नव्हती. वाट पाहण्याचे तास कमी करा एवढंच मी लिहिलं, तर गणित एकाच वाहकाला वर्षभर रात्री 9 ला घरी पाठवील. पाळी फिरली पाहिजे, मुलीची दहावी असेल त्याला दोन महिने सकाळची ड्युटी मिळाली पाहिजे, या अटी लिहाव्या लागतात. त्या कोणाला माहीत असतात? ज्यानं ते काम केलं आहे त्याला. आणि अटी समीकरणात कशा लिहायच्या हे कोणाला येतं? त्या वर्गातल्या मुलांना. या दोघांची गाठ पडत नाही, हे माझं दुःख आहे.

भाषेचंही थोडं सांगतो. 'फीजिबल', 'अनबाउंडेड', 'रिडंडंट' हे शब्द मला तीन आठवडे छळत होते. शेजारच्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर माझ्यासाठी यादी केली. फीजिबल म्हणजे चालणारं, रिडंडंट म्हणजे असून नसल्यासारखी अट. अनबाउंडेड म्हणजे कुठेच न अडणारं. कन्स्ट्रेंट म्हणजे अट, ऑब्जेक्टिव्ह फंक्शन म्हणजे उद्दिष्ट फल, जे जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायचं ते. यादी पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, "काका, मलाही आत्ता नीट कळलं." मुलांनी इंग्रजी शब्द शिकावेतच, नोकरीला लागतात. पण फळ्यावर एकदा शेजारी मराठी शब्द लिहायला दोन मिनिटं जातात.

आणि एक. सत्र संपेपर्यंत वर्गात नरेंद्र करमरकर यांचं नाव निघालं नाही, कारण ते नेमलेल्या पुस्तकात नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या या मराठी माणसानं 1984 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत असताना लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत काढली. कोपऱ्यावरून कोपऱ्यावर न जाता आकाराच्या आतून वाट काढणारी. सिम्प्लेक्सला काही मुद्दाम रचलेल्या गणितांत भलताच वेळ लागू शकतो, हे 1972 मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी दाखवलं होतं. 1979 मध्ये रशियाच्या खाचियान यांच्या पद्धतीनं तो धोका कागदावर मिटला, पण ती प्रत्यक्षात फार संथ होती. करमरकरांची पद्धत कागदावरही टिकली आणि वापरातही उतरली. मला हे सरांनी चहा पिताना सांगितलं. फूटपट्टी सरकवल्यावर त्याच फळ्यावर 'आतून'ची ही वाट एका रेघेनं दाखवली असती तर वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यात काय पेटलं असतं, कोण जाणे.

आपल्या वृत्तपत्रातून अभ्यास मंडळांवरच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. या पेपरातले निम्मे गुण मांडणीला द्या. प्रश्नपत्रिकेत तक्ता न देता एक परिच्छेद द्या: टंचाईत 3 टँकरनं 11 वाड्यांना पाणी पोचवायचं आहे, किंवा ऊसतोडीच्या टोळ्या आणि ट्रॅक्टर जुळवायचे आहेत, किंवा वसतिगृहाच्या खानावळीचा आठवड्याचा शिधा ठरवायचा आहे. चल कुठले, अटी कुठल्या, उद्दिष्ट काय, एवढं मुलांना लिहू दे. तक्ता पूर्ण सोडवला नाही तरी चालेल, सोडवायला आता संगणक आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत छापील उदाहरणं उतरवण्याऐवजी प्रत्येक मुलाला गावातल्या एका माणसाकडे पाठवा, ज्याला रोज असा काहीतरी मेळ घालावा लागतो. दूध संकलनवाला, रेशन दुकानदार, शाळेचं वेळापत्रक लावणारे गुरुजी. असे लोक प्रत्येक गावात आहेत आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझ्याकडे 14 वर्षांच्या ड्युट्यांच्या 9 वह्या आहेत. त्या वेळी कच्च्या म्हणून रद्दीत जाणार होत्या, मी रीतसर विचारून घरी आणल्या. त्यांतली माणसांची नावं मी पांढऱ्या शाईनं खोडायला घेतली आहेत, चार वह्या झाल्या, दिवाळीपर्यंत उरलेल्या होतील. सातारा, सांगली, सोलापूर भागातल्या कुठल्याही कॉलेजच्या गणित विभागाला त्या हव्या असतील तर मी स्वतः घेऊन येईन आणि कुठली खूण कशाची हे मुलांजवळ बसून सांगेन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सातारा जिल्हा